मच्छिंद्रच्या जीपमधलं घुमणं

घनसावंगीच्या बसस्टँडसमोर, रसवंतीला लागून चांदपाशाचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरीच, आणि टपरीच्या पाठीला पाठ लावून घर. पाटीवर ‘रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्ती’ एवढंच लिहिलेलं होतं, कारण पुढं पाटी संपली होती. नाहीतर पंखा, इस्त्री, मिक्सर, भोंगा, फवाऱ्याचा पंप असं बरंच काही लिहावं लागलं असतं. यंत्र कुठलंही असो, ते बिघडलं की कधी ना कधी चांदपाशाच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडायचंच.

त्याचे वडील गयासोद्दीन लग्नाकार्यात ग्यासबत्त्या भाड्यानं द्यायचे. लोक त्यांना ‘ग्यासवाले गयासभाई’ म्हणायचे आणि आपण काहीतरी मोठा विनोद केला असं समजायचे. बत्त्यांबरोबर लेकही गावोगाव फिरायचा. नऊ वर्षांचा असताना एका गावी त्यानं भजनी मंडळाची पेटी खोलली. आत श्वास कोण घेतंय, एवढंच त्याला बघायचं होतं. वडिलांनी कान पिळला, मंडळी मारायला उठली. पण पोरानं पेटी जशीच्या तशी जोडून दिली, आणि कित्येक वर्षं मुकी पडलेली एक पट्टी बोलायला लागली. मंडळी मग परत भजनाला बसली.

तेव्हापासून त्याला एकच खोड होती. वस्तू चालू झाली यावर त्याचं समाधान व्हायचं नाही. ती बंद का पडली, हे कळल्याशिवाय तो ती हातातून सोडत नसे. एखाद्याचा रेडिओ घंटाभरात वाजायला लागायचा आणि पुढं आठ दिवस दुकानातच मुक्काम ठोकून बसायचा.

“चालू झाला ना? मंग द्या की,” गिऱ्हाईक म्हणायचं.

“चालू झाला, पण बंद कामून पडला ते कळंना,” चांदपाशा शांतपणे सांगायचा.

गिऱ्हाइकं वैतागायची, पण जाणार कुठं? परतूरला जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. त्याची बायको ताहेरा हे सगळं वीस वर्षं सहन करत आली होती, पण तोंड मिटून सहन केलं असं मात्र नाही.

दोन हजार साल उलटून वर्षभर झालं असेल. एका सोमवारी सकाळी मच्छिंद्रनं आपली जीप टपरीसमोर आणून लावली. घनसावंगी ते अंकुशनगर या वाटेवर तो भाड्याची जीप चालवायचा. साखर कारखान्यामुळं अंकुशनगरला माणसांची ये-जा भरपूर, आणि जीपगाड्याही भरपूर. गाडी कुणाची चांगली हे लोक हल्ली इंजिनावरून ठरवत नव्हते, आवाजावरून ठरवत होते. म्हणून मच्छिंद्रनं दिवाळीत बाहेरगावच्या कुणा फिटरकडून गाडीत सबवूफर बसवून घेतला होता. मागच्या उजव्या बाकड्याखाली लाकडी डबा, डब्यात ताटलीएवढा स्पीकर, आणि त्याच बाकड्याच्या फळीला खालून उलटा टांगलेला अ‍ॅम्प्लिफायर. गाडी स्टँडात शिरली की रसवंतीच्या बरणीतली लिंबं हलायची.

हे काम आपल्याला दिलं नाही याचा चांदपाशाला राग आलेला होता. त्यामुळं त्यानं लगेच मान वर केली नाही.

“चांदभाई, गाडी घुमून राह्यली,” मच्छिंद्र म्हणाला.

“घुमायसाठीच बसवला ना तू त्यो डबा?”

“तसं घुमणं न्हाई.” मच्छिंद्रनं इकडंतिकडं पाहिलं. “अंगात आल्यावानी घुमती.”

आता चांदपाशानं मान वर केली. बासचा डबा घुमतो, आणि अंगात आलेलं माणूसही घुमतं. आपल्याकडं दोन्हीला शब्द एकच. पण मच्छिंद्रच्या चेहऱ्यावरून तो कुठल्या घुमण्याबद्दल बोलतोय हे समजत होतं.

झालं होतं असं. टेप बंद असताना, कॅसेट बाहेर काढून ठेवलेली असताना, बाकड्याखालून हूंऽ हूंऽ असा आवाज निघायचा. चढ लागला, इंजिन ओरडलं की तोही चढायचा. कधी मधेच धप धप करायचा. आणि हे रोज होत नव्हतं. फक्त गुरुवारी व्हायचं, अंकुशनगरच्या बाजाराच्या दिवशी, आणि तेही झुंबरबाई गाडीत बसली की.

झुंबरबाई गावाच्या कडेला एकटीच राहायची. अंगानं दांडगी, बोलायला थोडी. नवरा गेलेला, लेकरूबाळ नाही. दर गुरुवारी लसणाचं टोपलं घेऊन अंकुशनगरच्या बाजारात बसायची, आणि त्यावर तिचा आठवडा निघायचा. लागोपाठ तीन गुरुवार ती बसली आणि गाडी घुमली. ती उतरली आणि गाडी गप्प झाली. चौथ्या गुरुवारी बायकांनी मच्छिंद्रला बजावलं, ती बसणार असेल तर आम्ही उतरतो. मच्छिंद्रनं तिला ‘जागा न्हाई’ म्हणून सांगितलं. बाकीच्या जीपवाल्यांनाही एका दिवसात जागा नसल्याचा साक्षात्कार झाला. एस.टी. होती, पण ती अकराची, आणि तोवर अर्धा बाजार उठलेला असायचा. दोन गुरुवार झुंबरबाई घरीच बसली होती. गावात दारोदार लसूण घेऊन फिरली, तर कालपर्यंत तिच्याकडून घेणाऱ्या बायकाही आतून कडी लावून घेत होत्या.

“तिच्यातच कायतरी हे,” मच्छिंद्र म्हणाला. “पण आता ती बसंना तरी लोकं भ्यायला लागले. तुम्ही बघा एकदा.”

चांदपाशानं पुढचं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. टेप बंद असताना डबा वाजतो कसा?

सोमवारचा दिवस त्यानं जीपमधेच काढला. स्पीकर बाहेर काढला तर त्याच्या कागदी पडद्याची कड एका बाजूनं फाटलेली निघाली. मलमलीची बारीक पट्टी कापून, पंक्चरचं सोल्युशन लावून त्यानं ती कड चिकटवली आणि पडदा बोटांनी हळूच आतबाहेर करून पाहिला. कुठं घासत नव्हता. त्यानं स्पीकर परत बसवला, आणि गाणं लावल्यावर आवाज मोकळा आला.

अ‍ॅम्प्लिफायरची पाहणी त्यानं मग केली. टेप बंद केला की अ‍ॅम्प्लिफायरही बंद व्हावा म्हणून एक वेगळी बारीक तार असते. फिटरनं आळस करून ती सरळ बॅटरीच्या तारेला जोडून दिली होती. म्हणजे टेप झोपला तरी हा जागाच. अर्धं कोडं सुटलं. चांदपाशानं मिशीवरून हात फिरवला.

पण जागा असला म्हणून माणूस ओरडत नाही. घुमायला काहीतरी निमित्त लागतं. त्यानं इंजिन चालू ठेवलं, तारा हलवल्या, डब्यावर बुक्क्या मारल्या. काही नाही. बाकड्याच्या प्रत्येक जागेवर बसून पाहिलं. काही नाही. तसा चांदपाशा बसला काय अन् न बसला काय, बाकड्याला पत्ता लागला नसता. पाऊस आला की ताहेरा त्याला घरात ओढायची ती तो भिजेल म्हणून नाही, वाहून जाईल म्हणून, असं रसवंतीवाला म्हणायचा.

“आवाज तर बरा आला,” संध्याकाळी मच्छिंद्र म्हणाला. “द्या आता गाडी.”

“झुंबरबाईला बोलव.”

“येड लागलं का चांदभाई?”

“ती बसल्यावरच घुमती ना? मंग ती बसल्याबिगर मला कळंल कसं?”

मच्छिंद्र गेला नाही. मंगळवारी सकाळी चांदपाशाच तिच्या घरी गेला. ती ओसरीवर लसणाच्या कुड्या निवडत होती, आणि त्यातल्या बऱ्याचशांना हिरवे कोंब फुटले होते.

“आक्का, जरा गाडीत येऊन बसता का?” त्यानं विचारलं.

तिनं हातातली कुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “घुमली तर?”

“घुमलीच पाहिजे,” चांदपाशा उत्साहानं म्हणाला. “न घुमली तर मला दिसंल कसं?”

त्याला तिच्या प्रश्नातली भीती कळली नाही. ती मात्र उठली. कदाचित कुणीतरी तिला आपण होऊन गाडीत बस म्हणालं, एवढंच तिला पुरलं असेल.

स्टँडवर दहावीस माणसं होतीच. झुंबरबाई येताना दिसल्यावर ती चाळीस झाली. चांदपाशानं इंजिन चालू केलं, हातबॅटरी घेतली आणि बाकड्याखाली उताणा पडला.

“नेहमी बसता तिथंच बसा, आक्का. टोपलं बी घ्या.”

ती अगदी मागच्या कोपऱ्यात बसली. ती तिची नेहमीची जागा होती, कारण ती कुणालाच नको असायची. डब्याची कड पोटरीला लागायची, आणि दाराची कडी पाठीत रुतायची. सगळ्यांनी आपापली जागा धरल्यावर जे उरायचं ते झुंबरबाईचं. ती टेकली, लसणाचं टोपलं मांडीवर घेतलं, आणि डबा घुमला.

हूंऽऽ.

लोक चार पावलं मागं सरले. एका बाईनं पदर तोंडाला लावला. आणि बाकड्याखालून चांदपाशा आनंदानं ओरडला, “घावलं! घावलं!”

त्याला सापडलं होतं ते असं. झुंबरबाईच्या आणि टोपल्याच्या वजनानं फळी कोपऱ्यात बोटभर वाकली होती. त्या फळीलाच अ‍ॅम्प्लिफायर टांगलेला, त्यामुळं त्याच्यात खोवलेली, टेपकडून आलेल्या तारेची पिन डब्यावर दाबली जात होती. पिनेच्या बाहेरची जाळीची तार आतल्या आत तुटलेली होती आणि दाब पडला की सुटायची. ती सुटली की अ‍ॅम्प्लिफायरला टेपचं काही ऐकू येत नव्हतं, इंजिनाची गुरगुर तेवढी ऐकू यायची, आणि तो तीच मोठी करून डब्याला द्यायचा. डबा हलला की फळी हलायची, फळी हलली की तार हलायची, तार हलली की डबा आणखी हलायचा. स्वतःच स्वतःला हलवत होता बेटा. इतकी सुंदर खराबी चांदपाशानं जन्मात पाहिली नव्हती. तो आणखी दोनदा ‘घावलं’ म्हणाला.

पण बाहेरच्या लोकांना ना तार दिसत होती, ना पिन. त्यांना झुंबरबाई दिसत होती, घुमणं ऐकू येत होतं, आणि जाणता माणूस ‘घावलं’ म्हणून ओरडत होता. भूत धरणारा मांत्रिकही नेमकं हेच म्हणतो.

चांदपाशा धूळ झटकत बाहेर आला तेव्हा जीप रिकामी होती. झुंबरबाई टोपलं कडेवर घेऊन रसवंतीच्या मागून चालली होती, आणि तिच्यासाठी लोकांनी नको एवढी रुंद वाट करून दिली होती. “चांदपाशानं पकडलं,” कुणीतरी म्हणत होतं. टपरीच्या मागच्या दारातून ताहेरा धावत गेली आणि झुंबरबाईला हाताला धरून आपल्या घरात घेऊन आली.

दुपारी ताहेरानं त्याला भाकरी वाढली ती आपटूनच.

“तुमना तार दिखरी थी,” ती म्हणाली. “वो बाई नै दिखी?”

“मगर तारइच थी, ताहेरा. अबी जोड देतूं. कल से घुमनाच बंद.”

“जोड देव. फिर लोगां क्या बोलेंगे? चांदपाशा ने भूत निकाला. मतलब भूत था. था ना फिर?”

चांदपाशाचा घास हातातच राहिला. आजवर खोललेली प्रत्येक वस्तू त्यानं जोडून दिली होती. झुंबरबाईचं नाव मात्र त्यानं भर स्टँडात खोललं होतं, आणि ते जोडायला त्याच्याकडं हत्यार नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. पलीकडच्या खोलीत झुंबरबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि चहा तसाच पडला होता.

संध्याकाळी मच्छिंद्र गाडी मागायला आला.

“कारण सापडलं, पण दुरुस्ती उद्या,” चांदपाशा म्हणाला. “त्याच्या आधी दुसरं एखांदं वजनदार माणूस त्या कोपऱ्यात बसलं पाह्यजे. चार लोकांसमोर.”

“अन् त्यालाबी घुमलं तर?”

“घुमणारच. तेच पाह्यजे.”

मच्छिंद्रनं डोकं खाजवलं. तो माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. “कोन बसंल तिथं?” तो म्हणाला. “वजनदार मानूस तिथं बसतच न्हाई.”

हे त्यानं सहज म्हटलं होतं, पण बरोबर म्हटलं होतं.

बुधवारी दहाच्या सुमाराला सर्जेराव स्टँडवर आले. शंभर एकरांचे धनी, साखर कारखान्याचे जुने सभासद, आणि अंगापिंडानंही घराण्याला शोभतील असे. ते जीपमध्ये बसायचे ते ड्रायव्हरशेजारी, आणि ती जागा ते येईपर्यंत रिकामी ठेवली जायची.

“झाली का रे गाडी? कारखान्यावर जायचंय.”

“झालीच, मालक,” चांदपाशा पुढं झाला. “आवाज तेवढा ऐकून सांगा. मागं त्या कोपऱ्यात बसलं की खरा कळतो.”

आवाजाबाबत चांदपाशा आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. सर्जेरावांना मात्र आपल्याला आवाजातलं कळतं हे बरं वाटलं. ते वाकून आत शिरले. मच्छिंद्रनं इंजिन चालू केलं. सर्जेराव कोपऱ्यात टेकले, आणि डबा घुमला.

हूंऽऽ.

ते दचकले, सरकले, तसा तो जास्तच घुमला. धप धप करायला लागला. कुणी मागं सरलं नाही, कुणी पदर तोंडाला लावला नाही. सगळे सर्जेरावांच्या तोंडाकडं बघत होते.

सर्जेरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. “चांदपाशा, तार-बीर ढिली हे का काय?”

“ढिलीच दिसती,” रसवंतीवाला लगेच म्हणाला.

“तारच हे,” दुसरा म्हणाला. “फळीखाली दबत असंल.”

“मी तर आधीच म्हन्लो व्हतो,” तिसरा म्हणाला.

एका मिनिटात सगळा स्टँड रेडिओ मेकॅनिक झाला. चांदपाशानं सर्जेरावांना हात देऊन उतरवलं, वाकून ती पिन बाहेर काढली आणि तुटलेली जाळी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. जो तो मान डोलवत होता.

रात्री ताहेरानं ठेवून घेतलेली झुंबरबाई टपरीच्या मागच्या दारात उभी होती. ती कधी येऊन उभी राहिली हे कुणी पाहिलं नव्हतं.

“मी बसले व्हते तवा बी हीच तार व्हती न्हवं?” तिनं विचारलं.

तिचा आवाज चढलेला नव्हता. खरोखरच माहिती नसल्यासारखं तिनं विचारलं होतं. रसवंतीवाल्यानं चाकाला हात घातला. सर्जेराव घड्याळ बघायला लागले.

“हीच व्हती, आक्का,” चांदपाशा मोठ्यानं म्हणाला. “ती ढिली व्हती, अन् मी काल सांगायला पाह्यजे व्हतं. सांगितलं न्हाई. माझी चूक हे.”

ती आत गेली.

मग चांदपाशानं गाडी दुरुस्त केली. तुटलेल्या जाळीला नवी पिन लावून कथलाचा डाग दिला. अ‍ॅम्प्लिफायरची ती बारीक तार टेपच्याच स्विचावर आणली, म्हणजे टेप झोपला की तोही झोपेल. अ‍ॅम्प्लिफायर बाकड्याच्या फळीवरून उतरवला आणि ड्रायव्हरच्या सीटमागं, जिथं कुणाचं वजन पडत नाही आणि डब्याचा हादरा पोचत नाही, तिथं प्लायवूडचा तुकडा ठोकून त्यावर बसवला. प्रत्येक स्क्रूखाली जुन्या स्लिपरच्या रबराची चकती घातली. अर्थिंगची तार रंगावरच आवळलेली होती. त्यानं तिथला रंग खरवडून पांढरं लोखंड काढलं आणि मग ती घट्ट केली. शेवटी कोपऱ्यात सिमेंटची दोन पोती टाकून गाडी गावाबाहेरच्या चढावर नेऊन आणली. डबा गाण्यापुरताच घुमला.

गुरुवारी सकाळी जीप भरायला लागली. झुंबरबाई टोपलं घेऊन आली. मच्छिंद्रनं मान खाली घालून “बसा मावशी, मधी बसा” म्हटलं, आणि मधल्या बाकड्यावरच्या बायकांनी तिला जागा करून दिली. जरा जास्तच जागा करून दिली. ज्या गाडीत एकाच्या मांडीवर एक बसायचं, तिथं झुंबरबाईच्या दोन्ही बाजूंना वीतवीत बाकडं उघडं दिसत होतं. एक बाई पोराला आपल्याकडं ओढून घेत खिडकीबाहेर बघायला लागली.

चांदपाशाचा कान डब्याकडं होता. गाडी भरली होती, इंजिन चालू होतं, आणि कुठंही गुरगुर नव्हती. काम फार चांगलं उतरलं होतं. तो मच्छिंद्रला तेच सांगायला निघाला, तेवढ्यात ताहेरा घरातून आली. पिठाचे हात ओढणीला पुसत आली, पायात चपला सरकवल्या, जीपमध्ये चढली आणि झुंबरबाईला चिकटून बसली. टोपलं तिनं अर्धं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

“कां चली?” चांदपाशानं विचारलं.

“बाजारकू.”

“बाजारसे क्या लाना?”

ताहेरानं मांडीवरचं टोपलं नीट केलं. मग झुंबरबाईच्या दुसऱ्या अंगाला उघडं राहिलेलं वीतभर बाकडं हातानं थोपटून ती पलीकडच्या बाईला म्हणाली, “सरका की इकडं, बाई. भाईर बी लोकं उभे हेत.”

ती बाई क्षणभर थांबली. मग पोराला उचलून सरकली.

तेव्हा कुठं चांदपाशाला ती जागा दिसली. इतका वेळ तो तिच्याकडंच तोंड करून उभा होता. मच्छिंद्रनं विचारलं, “मंग चांदभाई, सगळं बराबर झालं ना आता?” त्याला हो म्हणवेना. त्यानं हातानंच गाडी ने म्हणून खूण केली आणि ती कारखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तिथंच उभा राहिला.